मैनाबायचा अर्ज

तालुका विधी सेवा समितीच्या वकिलाने अधूनमधून मनोरुग्णालयात जाऊन रुग्णांच्या तक्रारी ऐकाव्यात, असा नियम होता, आणि तो चहापुरता पाळला जात असे. अधीक्षकांच्या खोलीत चहा घ्यायचा, 'तक्रार नाही' असे लिहायचे आणि ऊन चढायच्या आत पनवेलच्या कोर्टात परतायचे. २०१२ साली हे काम कीर्ती मोकलकडे आले. वकील होण्यापूर्वी तिने तळोज्याच्या एका कारखान्यात रसायने तपासण्याची नोकरी केली होती. पिंपावर काय लिहिले आहे ते वाचून अहवाल देता येत नाही, पिंप उघडून नमुना घ्यावा लागतो, एवढी सवय त्या नोकरीने तिच्या अंगी मुरवली होती. तिने चहा नाकारला आणि ती थेट स्त्रियांच्या विभागात गेली.

रुग्णालय खासगी होते आणि वाईट नव्हते. चादरी धुतलेल्या होत्या, पंखे फिरत होते, कोणी कोणावर ओरडत नव्हते. दाराला मात्र बाहेरून कडी होती. खिडकीशी साठीच्या पुढची एक बाई ताठ बसली होती.

"यांच्यापाशी वेळ घालवू नका, मॅडम," परिचारिका म्हणाली. "त्या बोलत नाहीत."

कीर्तीने स्टूल ओढले. बाईने आधी तिच्या हातावरच्या काळ्या कोटाकडे आणि मग चेहऱ्याकडे निरखून पाहिले.

"तू कोनाची?"

आगरी माणसाचा पहिला प्रश्न हाच असतो. नाव मागाहून.

"मोकलांची. कळंबोलीची."

"कंच्या मोकलांची? चिंचेखालच्या का शालेमागच्या?"

"शाळेमागच्या."

"मंग तुझ्या आत्याचं लगीन मीच लावलंय. नवरा मांडवात झोपला व्हता."

"अजूनही झोपतो," कीर्ती म्हणाली.

परिचारिका दोघींकडे आळीपाळीने पाहत राहिली.

बाईचे नाव मैना घरत. गाव उलव्याच्या अंगाचे. मैनाबाय धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंतचा प्रत्येक विधी धवलारणीच्या गाण्यावर, म्हणजे धवल्यांवर, चालतो. देवांना, गावाला आणि घरातल्या मेलेल्या माणसांनाही ती नाव घेऊन मांडवात बोलावते, आणि तिने गायल्याशिवाय लग्न लागले असे जुनी माणसे मानत नाहीत. पंचक्रोशीतल्या दोन पिढ्यांची लग्ने मैनाबायने लावली होती. आता तिच्या मुलाने, काळूरामने, तिला इथे आणून ठेवले होते.

"इथं बोलत का नाही, मावशी?"

"आली तवा गायची. नाय गायली तर इसरते, आमचं काय लिवलेलं नसतं. तर हे बोलले, बाई गाते, गोली वाढवा. म्हून गप बसली. आता बोलतात, बाई गप बसते, गोली वाढवा." ती जराशी हसली. "आता रडून बघायचं र्‍हायलंय."

मग तिने कीर्तीच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मना इथून जायचंय, बाय. कुठं सही करू, कुठं अंगठा लावू, ता सांग."

त्या वेळचा मानसिक आरोग्य कायदा १९८७ सालचा होता. नातेवाइकाची विनंती आणि दोन डॉक्टरांचे दाखले एवढ्यावर माणसाला, त्याची इच्छा नसताही, नव्वद दिवसांपर्यंत दाखल करून घेता येत असे. त्याच कायद्यात असेही होते की अशा माणसाला सुटकेसाठी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे स्वतः अर्ज करता येतो, आणि ऐपत नसेल तर वकील सरकारी खर्चाने मिळतो. हे दुसरे कलम मैनाबायला कोणी सांगितले नव्हते. सांगायचे काम ज्यांचे होते ते चहा पीत होते.

डॉक्टर इमाद मुकादम उरणचे होते. मृदू बोलणारे, थकलेले गृहस्थ. विभागातल्या साऱ्या रुग्णांना पाहणारे ते एकटेच होते.

"केस सरळ आहे, वकीलसाहेबा," ते म्हणाले. "मेलेल्या माणसांशी बोलायच्या. त्यांना नावानिशी जेवायला बोलवायच्या. रात्ररात्र गाणं."

"धवलारणी ते करतातच. त्यांचा व्यवसाय आहे तो."

"असेल. मला इथं लग्न दिसत नव्हतं, फक्त गाणं दिसत होतं."

हे उत्तर प्रामाणिक होते, आणि कीर्तीला ते आवडलेही. परंतु रस्त्याला लागताना तिच्या मनात युक्तिवाद तयार झाला होता. परंपरेला रोग ठरवले गेले आहे; पंचक्रोशी ज्या कामासाठी बाईला मानाने बोलावते, त्याच कामासाठी तिला कोंडले आहे. आत्या साक्षीला येईल. अर्ज तिने त्याच संध्याकाळी एकटाकी लिहिला. वाक्ये इतकी सहज येत गेली की तिला संशय यायला हवा होता. तो आला नाही.

पुढच्या भेटीत तिने अर्ज वाचून दाखवला. 'सदर रात्री अर्जदार आपल्या समाजाच्या रूढीप्रमाणे धवले गात होती,' या वाक्याशी मैनाबायने हात वर केला.

"ता खोटं हाय."

"कोणतं?"

"सगलंच. त्या रात्री मी धवला नाय गायला. त्या रात्री मना याड लागलं व्हतं."

कीर्तीने पेन खाली ठेवले.

मैनाबायने सांगितले ते असे. तिची धाकटी लेक, घरात तिला बारकीच म्हणत, लग्न ठरलेले असताना काविळीने गेली. त्याला वर्षे लोटली. गेल्या वर्षी काळूरामच्या मुलीचे लग्न ठरले आणि मैनाबायची झोप उडाली. मग एके दिवशी बारकी बोलू लागली. आठवण म्हणून नव्हे, कानात, शेजारच्या खोलीतून बोलावे तशी. आधी माझं लगीन लाव, म्हणाली. मैनाबायने हळद वाटली आणि भर रात्री दारोदार जाऊन बारकीच्या लग्नाचे बोलावणे केले. जी दारे उघडली त्यांना केले, जी माणसे मेली होती त्यांनाही केले. काळूराम तिला आत न्यायला आला, तेव्हा तिने हातातले मुसळ त्याच्या हातावर घातले.

"हाड मोरलं. मना आवाज आला, कराक. तरी थांबली नाय मी."

"मावशी, हे कोर्टात सांगितलं तर समोरच्याचं काम मी आयतं करून दिल्यासारखं होईल."

"आनि नाय सांगितलं तर?"

"गाणं ही रूढी आहे, एवढंच सिद्ध करायचं आहे. मुसळाचं त्यांनी काढलं तर बघू."

मैनाबायने तिच्याकडे पाहिले. लग्नघरी हळद कमी वाटली म्हणजे धवलारीण यजमानाकडे ज्या नजरेने पाहते, तसे. "माझ्या भावकीसमोर मी उभी र्‍हानार आनि बोलनार, मी तवा शानी व्हती? समद्यांनी बघितलंय मना. ते हसतील, आनि हसले तर बरोबर हसतील. अर्ज कोनाचा हाय, माझा का तुझा?"

"तुमचा."

"मंग माझं लिव. याड लागलं व्हतं. आता उतरलंय. गोली घेईन. इथं र्‍हानार नाय."

कीर्ती त्या दिवशी रागावून परतली. राग बाईचा आहे असे रिक्षात तिला वाटत होते. घरी पोचेपर्यंत तो कोणाचा आहे हे कळले. तिने निष्कर्ष आधी ठरवला होता आणि त्याला शोभेल तेवढाच नमुना घेतला होता. कारखान्यात असे करणाऱ्याला घरी पाठवत. डॉक्टरांना गाण्यात फक्त आजार दिसला आणि तिला फक्त परंपरा दिसली. दोघांनीही मैनाबायला विचारले नव्हते. तिने पहिला अर्ज फाडला. नवा अर्ज पानभराचाच झाला. अर्जदार आजारी होती आणि त्या भरात तिने मुलाच्या हातावर मुसळ घातले. उपचाराने तिला बरे वाटते आहे. पुढील उपचार ती बाहेर राहून घेईल आणि नेऱ्याला बहिणीकडे राहील. कायद्याने ठरवायचे होते ते इतकेच की तिला कोंडून ठेवण्याची आज गरज आहे की नाही. ती कधी आजारी होती का, हा प्रश्नच नव्हता. वकिलाला हे ठाऊक असायला हवे होते.

तारखेच्या सकाळी काळूराम कोर्टाच्या आवारात भेटला. चाळिशीचा, कडक इस्त्रीच्या सदऱ्यातला, कोणालाही सज्जन वाटावा असा आणि तसा होताही.

"मॅडम, तुमाला एवढाच कळवळा हाय, तर तिला तुमच्या घरी घेऊन जा की."

"माझ्या घरी नाही, तुमच्या मावशीकडे जाणार आहेत त्या."

"नेरं काय अमेरिकेत हाय? लगीन होऊन जाऊ द्या. कळंबोलीची पार्टी हाय, लोखंडाचे व्यापारी. त्यांच्या वरातीसमोर ही बारकीला हाका मारत आली, तर पोरीनं कुठं तोंड लपवायचं? लगीन झालं की मी सोता आनीन तिला, वाजत गाजत."

"लग्न होईपर्यंत कोंडून ठेवावं, असं कायद्यात कुठं लिहिलंय?"

"कायद्यात मुसळ कुठं लिवलंय?" त्याने उजवा हात पुढे केला. अंगठा अर्ध्यावरच वाकत होता. "माझी आई हाय ती. मना काय मजा वाटते व्हय? बायको अजून रातची कडी लावून झोपते."

कीर्तीने त्या अंगठ्याकडे नीट पाहिले. त्याची भीती खरी होती. "काळूरामदादा, हे सगळं आत सांगा. मी अडवणार नाही," ती म्हणाली, आणि तसे ती मनापासूनच म्हणाली.

न्यायाधीशबाईंनी सुनावणी कोर्टात न ठेवता आपल्या दालनात ठेवली. टेबलाभोवती डॉक्टर, काळूराम, कीर्ती आणि परिचारिकेबरोबर आलेली मैनाबाय बसली. काळूरामने सारे सांगितले. मुसळाचा भाग आला तेव्हा मैनाबायने मान हलवून दुजोरा दिला. न्यायाधीशबाईंनी भुवया उंचावून कीर्तीकडे पाहिले.

"अर्जदाराला हे मान्य आहे," कीर्ती म्हणाली. "अर्जात पहिल्याच परिच्छेदात आहे. मला डॉक्टरांना थोडं विचारायचंय."

"विचारा."

"डॉक्टर, दाखल झाल्यापासून यांनी कोणावर हात उगारला?"

"नाही."

"औषध नाकारलं?"

"एकदाही नाही. उलट कोणत्या गोळीनं जीभ कोरडी पडते, हे त्यांनीच सिस्टरना दाखवून दिलं."

"गात होत्या तेव्हा गोळी वाढली?"

"हो."

"गाणं बंद झालं तेव्हा?"

"तेव्हाही. अबोल झाल्या होत्या. उदासीनतेची शंका आली."

"मग मला एकच समजून घ्यायचंय. यांनी काय केलं असतं, किंवा काय केलं नसतं, तर तुम्ही म्हणाला असता की या आता घरी जाऊ शकतात?"

डॉक्टरांना चटकन काही बोलता आले असते. उत्तरे बाजारात तयार मिळतात. त्यांनी चष्मा काढला.

"खरं सांगायचं तर, मॅडम," ते न्यायाधीशबाईंना म्हणाले, "आम्ही ते असं बघत नाही. नातेवाईक न्यायला आले की आम्ही तपासतो. हे न्यायला आले नाहीत. त्यामुळे मी त्या नजरेनं तपासलंच नाही."

"आज त्या नजरेनं बघितलं तर?"

"आज... आवाज येत नाहीत असं त्या सांगतात, आणि वागणं त्याला धरून आहे. औषध चालू राहिलं तर दारात कडी लावायचं वैद्यकीय कारण मला दिसत नाही. पुन्हा होणारच नाही, अशी हमी मात्र मी देणार नाही."

"अशी हमी तुम्ही माझ्याबद्दलही देऊ शकणार नाही," न्यायाधीशबाई कोरडेपणाने म्हणाल्या आणि मैनाबायकडे वळल्या. "आजी, मुलगी पुन्हा हाका मारायला लागली तर?"

"मारील," मैनाबाय म्हणाली. "ती हट्टीच व्हती. पयल्यांदा मना वाटलं, ऐकायला पायजे. आता म्हाईत हाय, ता दुखनं हाय. आयकू आली का भैनीला सांगेन आनि सरकारी दवाखान्यात जाईन."

"आणि नातीच्या लग्नात?"

मैनाबाय मुलाकडे वळली. इतका वेळ तिने त्याच्याकडे पाहिले नव्हते. "काळ्या, धवलारीण बोलावल्याबिगर कुनाच्या मांडवात गेलीय कवा?"

या प्रश्नाचा अर्थ त्या टेबलाशी तिघांनाच कळत होता. धवलारणीला यजमानाने घरी येऊन, अक्षता देऊन बोलवावे लागते. तसे बोलावणे नसेल तर शेजारी मांडव असला तरी ती उंबरा ओलांडत नाही. सख्ख्या भावाच्या घरी काही चुकले म्हणून लग्नभर दाराआड बसून राहिलेल्या धवलारणी गावाला ठाऊक होत्या. कीर्तीला हे माहीत होते, तरी तिने ते कायद्याच्या बाजूने कधी मोजले नव्हते.

"आई विचारतेय, काळूरामदादा," ती हलकेच म्हणाली.

"नाय गेली," काळूराम म्हणाला. "कवाच नाय. गंगीआत्याच्या पोराच्या लग्नाला आत्याचा नवरा बोलवायला इसरला, तर ही भिंतीपलीकडं भाकऱ्या थापत बसली. सगला गाव पाया पडला, तरी नाय गेली."

"मंग तुना बोलवायचं नसंल तर नको बोलवू. तुझी पोर हाय, तुझा मांडव हाय. मी नेऱ्याला बसेन." मैनाबायने पदर सारखा केला. "त्याच्यासाठी मना कोंडायची काय गरज नाय. तुना नुसतं न बोलावून भागलं असतं."

काळूरामने मान खाली घातली. त्याच्या मुठीतला तो अर्धाच वाकणारा अंगठा बाहेर राहिला होता.

"ही गोष्ट कोर्टाला अट म्हणून लिहिता येणार नाही," कीर्ती पटकन म्हणाली. "त्या स्वतःहून सांगताहेत. लग्नाला जाऊ नये असा हुकूम कायद्यात बसत नाही."

"मला कायदा येतो, वकीलबाई," न्यायाधीशबाई म्हणाल्या. मग त्यांनी काळूरामला विचारले, "तुमचं अजून काही म्हणणं?"

"गोली घेतली पायजे," तो म्हणाला. "तेवढं लिवा."

जेवणाच्या सुट्टीनंतर आदेश झाला. अर्ज मंजूर. अर्जदाराने बहिणीकडे राहून बाह्यरुग्ण म्हणून उपचार घ्यावेत. लग्नाचा उल्लेख आदेशात कुठेही नव्हता.

कागद हातात असला म्हणजे दार उघडतेच असे नाही, हे कीर्तीला ठाऊक होते, म्हणून ती मैनाबायबरोबर रुग्णालयात गेली. कार्यालयातल्या गृहस्थांनी आदेश दोनदा वाचला आणि ते समोर शोधू लागले.

"नातेवाईक कुठं आहेत?"

"आलेले नाहीत."

"मग आज कसं जमेल? पेशंट कोणाच्या तरी ताब्यात द्यावा लागतो."

"आदेशात तसं काही नाही."

"आदेशात नसेल हो, आमच्याकडं पद्धत आहे. उद्या कोणालातरी घेऊन या."

कीर्तीने खुर्ची ओढली, कोट मांडीवर घेतला आणि ती बसली. "आज आणि आत्ता. नाही तर न्यायाधीशसाहेब अजून दालनात आहेत तोवर मी परत जाते आणि तुमची पद्धत त्यांच्या कानावर घालते. फक्त तुमचं नाव सांगा, मला अहवालात चूक चालत नाही."

गृहस्थांनी नाव सांगितले नाही. त्यांनी सुटकेचा कागद काढला आणि काहीशा चिडक्या सुरात विचारले, "बरं, ताब्यात कोणाच्या लिहू?"

"माझ्या," मैनाबाय म्हणाली.

गृहस्थांनी वर पाहिले, कीर्तीकडे पाहिले, तिथे काही मदत मिळाली नाही तेव्हा लिहिले. मैनाबायने अंगठा लावला आणि शाई पदराला लागू नये म्हणून हात अंगापासून लांब धरून उभी राहिली.

तेवढ्यात डॉक्टर मुकादम औषधांची पिशवी घेऊन आले. त्यांनी सवयीने ती कीर्तीसमोर धरली. "ही सकाळची, जेवणानंतर. ही रात्रीची. ही चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन द्यायच्या नाहीत."

"मला नको, डॉक्टर," कीर्ती म्हणाली. "मी घेणार नाहीये त्या."

डॉक्टर क्षणभर पिशवी धरून तसेच थांबले. मग त्यांनी कोपऱ्यातली खुर्ची उचलून मैनाबायपुढे ठेवली, स्वतः गुडघ्यावर बसले आणि पहिली पट्टी तिच्या कोरड्या हातात दिली.

"रातची कंची?" मैनाबायने विचारले. "आनि जीभ कोरडी पारते ती बंद करता येईल का, ता आधी सांगा."